बुटाच्या खोक्यातला प्रोजेक्टर

बुटाचं खोकं, आजोबांचं वाचायचं भिंग, बाबांचा जुना मोबाइल आणि चिकटपट्टी एवढ्यावर माझा प्रोजेक्टर उभा राहिला. ताईचं लग्न ठरलं त्या दिवशीचा व्हिडिओ लावला, तर पहिल्यांदा भिंतीवर सगळे उलटे लटकले. "पाहुण्यांना शीर्षासनच करायला लावलंस," बाबा हसले. मी मोबाइल फिरवून ठेवला आणि व्हिडिओ पुन्हा लावला. तो आम्ही मोबाइलवर वीसदा पाहिला होता: होणारे भाऊजी ताईचा हात धरून हसतात. भिंतीवर तो हात दाराएवढा झाला, तेव्हा त्यांची बोटं तिच्या मनगटात रुतलेली दिसली. "जोडा शोभतोय हं," आई म्हणाली. एवढ्या उकाड्यात ताईने लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. बाही आणखी खाली ओढत ती पुटपुटली, "बंद कर ते, शहाणे." तेवढ्यात बेल वाजली. "जावईच असणार," आई उठली. मी खोक्यात हात घालून चित्र त्या मनगटावर थांबवलं.