आतली वाफ

"काचेवर फुंकर मारू नये गं, आपला श्वास आत अडकतो," आमच्या लेन्सच्या कारखान्यात जोडणी करणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणायच्या. "माझा अडकलाच, तर तू सोडव हं." मी हसून हो म्हटलं होतं.

त्यांना जाऊन महिना झाला. आज त्यांनी जोडलेली शेवटची मॅक्रो लेन्स माझ्याकडे तपासणीला आली. बंद काचांच्या आत वाफ धरली, विरली, पुन्हा धरली.

"सिनेमा लागलाय का आत?" शेजारच्या टेबलावरची म्हणाली. "ओलावा असेल. शिक्का मार नि दे पाठवून."

मी मनात नाम मोजू लागले. वाफ आधी तिसऱ्या नामाला आली, मग सातव्याला, मग पंधराव्याला.

चाळीस झाली, तरी काच कोरडीच होती.

आजवर जप कधी अर्ध्यावर सोडला नव्हता. तो सोडून मी हलकेच स्क्रूड्रायव्हर उचलला.