दुसरी किल्ली

“हे नको,” योरिट म्हणाला, आणि आईच्या हातातलं कुलूप त्याने पुन्हा खुंटीला टांगलं. “वरून नुसतं रबर, आत तार. बागेची कात्री पुरते याला.”

“रंग किती छान आहे पण,” हिल्के म्हणाली.

“चोराला रंग दिसत नाही, आई.”

दुकानदार हार्म काउंटरमागे एका चाकाच्या तारा ताणत होता. त्याने मान वर केली नाही. “ऐका त्याचं, बाई. अख्ख्या ग्रोनिंगनमध्ये याच्याइतका अभ्यास कुणाचा नाही.”

योरिट हसला. तुरुंगातून सुटून आल्यापासून तो असल्या बोलण्यावर हसायला शिकला होता.

त्याने एक जाड साखळी उतरवली. कापडी खोळ मागे सारून, बाजारात बाया वाटाण्याच्या शेंगा चाचपतात तशा, एकेक कडी बोटांनी चाचपली. “ही घे. मागच्या चाकाचं कुलूप तर लावायचंच. ही वेगळी. आधी पुढच्या चाकातून, मग दांड्यातून, मग पुलाच्या कठड्याला. खाली लोळू द्यायची नाही. फरशीवर धरून हातोडा घालतात.”

“कोण घालतात?” हार्मने विचारलं.

“लोक,” योरिट म्हणाला.

हिल्के मान डोलवत ऐकत होती. लहानपणी त्याचे पाढेही ती असेच ऐकायची. मागच्या थंडीत सायकल गेली, तशी बेकरीची वाट लांबली; वाट लांबली, तसा कालव्यावरचा वारा जास्तच बोचू लागला. आता कुठे ही जुनी हिरवी सायकल मिळाली होती. ती बाहेर पुलावर उभी होती.

“मागच्या सायकलची साखळी कशाने कापली होती?” हार्मने विचारलं. “तुटकी साखळी सापडली असेल ना? तिच्यावरून कळतं.”

“काही नाही सापडलं,” हिल्के म्हणाली. “उघडून नेली.”

हार्मच्या हातातलं चाक टिकटिक करत फिरत राहिलं. योरिटने साखळी खांद्यावर टाकली. “बाहेर लावून दाखवतो,” तो म्हणाला. हार्मने पाकीट फोडून एक किल्ली त्याच्याकडे फेकली. पैसे द्यायला हिल्के मागे राहिली.

ती बाहेर आली तेव्हा योरिट कठड्याशी उकिडवा बसला होता. साखळी सांगितल्याबरहुकूम गुंफलेली, किल्लीचं भोक खाली वळवलेलं. त्याने किल्ली आईच्या तळहातावर ठेवली, आणि तिची बोटं स्वतःच मिटवली. वर मात्र पाहिलं नाही.

“आई, दुसरी किल्ली असते ना बरोबर... ती या वेळी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवू नकोस.”

“नाही.”

“कुठे ठेवतेस ते मला सांगूही नकोस.”

हिल्केने हातमोजे चढवले. एक, मग दुसरा.

“ती मी हार्मकडेच ठेवून आले,” ती म्हणाली.

कालव्यातून एक होडी गेली. तिच्या लाटा भिंतीला लागून निवल्या.

“बरं केलंस,” योरिट म्हणाला, आणि साखळीला त्याने जोरात एक हिसडा दिला.

ती जराही हलली नाही.