मनगटाची पट्टी

तिसरा मांडाही खापरावर पडता पडता फाटला आणि पुरण चुलीत सांडलं. पुष्पाबाईंनी कपाळाला हात लावला.

"सुनंदा, आज तुझा हात हवा होता गं. धुळ्याचे पाहुणे तुझे मांडे खायलाच आलेत."

जावेचं खोटं नव्हतं. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत सुनंदाबाई कोपरापर्यंत वाढवायच्या आणि तापल्या खापरावर अलगद टाकायच्या; पाचोऱ्यात असा हात दुसरा नव्हता. आज लेकीच्या, दिपमालाच्या साखरपुड्याला मात्र त्या उजव्या मनगटाला पट्टी बांधून कडेला बसल्या होत्या. न्हाणीत घसरले, असं सगळ्यांना सांगून झालं होतं.

मनगट ठणठणीत होतं. हातच थरथरायचे. सकाळी उठावंसं वाटायचं नाही, आणि उठलं की छातीत धडधड सुरू. जळगावचे डॉक्टर म्हणाले होते, चिंता आहे आणि नैराश्यही. ही दोन्ही बऱ्याचदा जोडीनंच येतात. एक कमी पडलं असतं जणू! गोळ्या मेथीच्या डब्यात लपवल्या होत्या. व्याह्यांना कळलं तर म्हणतील, आईच अशी, पोरगी कशी निघेल? आपल्याच चुलीपुढे बसायची त्यांना लाज वाटत होती.

तेवढ्यात नवऱ्यामुलाची आजी मनगट चोळून द्यायला तेलाची वाटी घेऊन आत आली. ताईबाई नाव.

"दखाड हात. चोळी देस."

"राहू द्या अक्का, फार दुखतं."

म्हातारी ऐकते कुठली! तिनं पट्टी सोडली. ना सूज, ना काळंनिळं. तिनं अंगठ्यानं मनगट चांगलं दाबून पाहिलं. सुनंदाबाई कळवळायचंही विसरल्या. बोटं तेवढी थरथरत राहिली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मान खाली घातली.

"फार लागलंय का हो अक्का?" पुष्पाबाईंनी चुलीपासून विचारलं.

"भलती सूज शे. महिनाभर तिले काम सांगू नका."

म्हातारीनं पट्टी पुन्हा गुंडाळली, आधीपेक्षा नीट. गाठ मारता मारता ती सुनंदाबाईंच्या कानाशी वाकली.

"पोरी, मी वरीसभर गुडघा बांधेल व्हता. गुडघाले काहीच व्हयेल नव्हतं."