कार्बन-चौदाचं हृदय

सदानंदरावांचा श्वास थांबून बराच वेळ झाला, तरी त्यांच्या छातीतलं कृत्रिम हृदय चालूच होतं. त्यांच्या पत्नी यमुताईंनी डॉक्टरांना विचारलं, "बॅटरी संपेल ना?"

"काकू, तिच्यात कार्बन-चौदा आहे. त्याच्या अणूंचा नायट्रोजन होताना वीज मिळते, आणि ते इतकं सावकाश होतं, की पाच हजार वर्षांनीही निम्म्याहून जास्त अणू उरतील. हे हृदय आपणहून थांबणार नाही. कायद्याने ते जवळच्या माणसानेच बंद करायचं असतं."

ते बसवण्याचा हट्ट यमुताईंनीच धरला होता. त्यांनी नवऱ्याच्या छातीवर डोकं टेकलं. ठोके रोजच्यासारखेच पडत होते. मग त्या त्यांच्या कानाशी वाकल्या.

"अहो, खूप साथ दिलीत. आता थांबा."

त्यांनी कळ दाबली, आणि अंग गार पडेपर्यंत छातीवरचा हात उचलला नाही.