उजवा अंगठा

"अंगठा कुठाय?" आरटीओतल्या साहेबाने टेम्पोवाल्या लहानूचा उजवा हात उलटापालटा करून पाहिला, बाजारात वांगं पारखावं तसा. अपघातात अंगठा मुळापासून गेला होता. "स्टिअरिंग कशाने धरणार? लायसन परत मिळायचं नाही. तुम्ही अपात्र."

तसं लेखी घेऊन लहानू थेट विमा कंपनीत गेला. टेम्पो तर सुटलाच, निदान भरपाई मिळेल, एवढीच आशा उरली होती.

तिथल्या साहेबाने तो कागद वाचलाही नाही. त्यावर चहाचा कप ठेवून तो म्हणाला, "अहो, एक अंगठाच तर गेलाय! चार बोटं शाबूत आहेत. आमचे डॉक्टर म्हणतात, तुम्ही आरामात गाडी चालवाल. मग कसलं नुकसान अन् कसली भरपाई? केस बंद करायला संमती द्या, म्हणजे सुटलात." त्याने टेबलावरचं छोटं मशीन पुढे सरकवलं. "ठेवा उजवा अंगठा."

लहानू उसळला. "साहेब, अंगठ्याशिवाय तुमचा कागद हलत नाही, अन् माझा टेम्पो हलतो होय?"

साहेबाने मशीन आणखी पुढे सरकवलं. मग मख्खपणे म्हणाला, "डावा चालेल."

लहानूने कपाखालचा आपला कागद हिसकावून घेतला. चहा टेबलभर सांडला. मग त्याने डावा अंगठा उचलला, पण मशीनवर ठेवला नाही. साहेबाच्या नाकासमोर नाचवला.

"केस चालूच राहणार. हा शिल्लक राहिलाय, तो तुम्हाला दाखवायलाच!"