एरिया कसा आहे?

समोरच्या जुन्या गोदामाचे उंच छताचे, उघड्या विटांचे झकास लॉफ्ट-फ्लॅट झाले आणि कटिंग-दाढीवाल्या काकांची झोपच उडाली. तिथे बडी मंडळी राहायला आली की गल्लीचा भाव वाढणार, दुकानाचं भाडं वाढणार आणि काकांना आपली एकुलती एक खुर्ची उचलून गाशा गुंडाळावा लागणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

पण काका कसले गप्प बसतात! घर बघायला आलेला प्रत्येक माणूस आधी त्यांच्याच दुकानात डोकावून विचारायचा, "काका, एरिया कसा आहे?"

"उंदीर म्हणाल तर एवढाले! बोका त्यांना बघून रस्ता बदलतो. भिंतींना बारा महिने ओल, आणि पहाटे तीनपासून ट्रकची घरघर."

माणूस आल्या पावली परत.

"अहो, जिभेला काही हाड?" काकू कपाळावर हात मारायच्या.

"पोटासाठी बोलतोय गं!"

वर्षभरात एकही लॉफ्ट विकला गेला नाही. मग एक दिवस दाढीला बसलेला एक तरुण फेसातून हसत म्हणाला, "काका, खास तुमचे आभार मानायला आलोय. तुम्ही एरियाची अशी कीर्ती पसरवलीत की अख्खं गोदाम मला निम्म्या किमतीत मिळालं."

काकांचा वस्तरा हवेतच थांबला. "अख्खं? अहो, पण एवढ्या जागेत राहणार कोण?"

 

"राहतंय कोण, काका! पंचवीस खुर्च्यांचं एसी सलून काढतोय."