खरा झटका

अठ्ठ्याण्णव साली सोनगीरच्या अभिमननानांच्या छातीत मुंबईच्या डॉक्टरांनी मशीन बसवलं. हृदयाचे ठोके बिघडले, की ते आतून झटका देऊन सावरणार होतं. नाना घरी आले ते या झटक्याची धास्ती घेऊनच. कधी अंघोळ करताना, कधी लग्नात बँड वाजताना ते "झटका बसना" म्हणत छाती धरून आडवे व्हायचे. बायको प्रमिलाबाई पदरानं वारा घालायच्या, अख्खी गल्ली गोळा व्हायची.

पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "नाना, मशीननं अजून एकदाही झटका दिलेला नाही. हे सगळे भीतीचे भास आहेत."

प्रमिलाबाईंनी ही बातमी गल्लीभर केली. त्यानंतर नानांनी छाती धरली, की त्या भाकरी थापता थापताच म्हणायच्या, "च्या पी ल्या, उतरी जाई." नाना खट्टू होऊन चहा प्यायचे.

एका दुपारी जेवताना नानांचे ठोके खरोखरच बिघडले आणि मशीननं झटका दिला. ताट उडालं, नाना भिंतीवर आदळले. प्रमिलाबाई रडत धावल्या, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन हाका मारू लागल्या.



नानांनी डोळे उघडले आणि समाधानानं विचारलं, "आते तरी पटनं का तुले?"